बटण दाबायचं कुणी?

२१ मार्च २०२४, गुरुवार. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. धक्का ४.५ तीव्रतेचा होता. माणसं अंगणात येऊन एकमेकांना विचारताहेत तोवर अकरा मिनिटांनी दुसरा धक्का बसला, ३.६ चा. नांदेड-परभणीपर्यंत मांडणीवरची भांडी वाजली. त्या दिवशी नांदेडच्या प्रशासनाने लोकांना एक सूचना केली होती: पत्र्याच्या घरांवर आधाराला ठेवलेले मोठे दगड उतरवून घ्या. संकटाच्या वेळची सूचना कशी असावी याचा हा नमुना आहे. काय करायचं ते एका वाक्यात कळतं आणि करायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढे १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चाच धक्का आला. त्याचं केंद्र कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याच्या बाजूला होतं.

दोन्ही वेळा सकाळ होती. बँका, पतसंस्था, कचेऱ्या उघडायच्या होत्या. कुलूप लावलेल्या खोल्यांतले संगणक मात्र रात्रभर चालूच होते आणि त्यांच्यात जिल्ह्यातल्या माणसांच्या ठेवी, कर्जं, हळदीच्या पट्ट्या, रुग्णांचे तपासणी अहवाल होते. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आणीबाणीची घडी’ असा विषय दिला, तेव्हा मला या खोल्या आठवल्या. जमीन हलली, आग लागली, वीज गेली ती आलीच नाही, तर हे सर्व्हर नीट बंद कोण करतं? कसं करतं? ते करायचं असतं हे तरी कुणाला सांगितलेलं असतं का? हे पाहायला हिंगोली, औंढा, वसमत असा फिरलो.

टेबलाखालचा सर्व्हर

रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, सेतू केंद्रात दाखला निघत नाही, तेव्हा मिळणारं ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर इथल्या लहान पोरांनाही पाठ आहे. ते सर्व्हर हिंगोलीत नसतातच. ते दूरच्या मोठ्या डेटा सेंटरांत असतात. तिथे रात्रंदिवस माणसं राबतात, दोन-दोन वाटांनी वीज येते, डिझेलचे जनरेटर तयार असतात. त्यांची काळजी वाहायला पगारी लोक आहेत. माझा जीव अडकला तो इथल्या इथे चालणाऱ्या सर्व्हरांत.

एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या शाखेत गेलो. व्यवस्थापकांच्या केबिनमागे, जिथे पूर्वी जुन्या वह्यांची गाठोडी पडलेली असत त्या खोलीत, लाकडी टेबलाखाली एक काळा डबा होता. त्याच्यावर गेल्या दसऱ्याच्या झेंडूची वाळलेली माळ तशीच होती. शेजारी यूपीएस. भिंतीतल्या खिळ्याला प्लास्टिकची एक पिशवी अडकवलेली, सील न फोडलेली. आत एक यूएसबी केबल आणि घडी केलेलं माहितीपत्रक. यूपीएसमधली बॅटरी संपत आली हे सर्व्हरला कळवणारी, त्याला आपणहून शिस्तीत बंद व्हायला लावणारी केबल ती हीच. यूपीएस विकत घेतला त्या दिवसापासून ती खिळ्यालाच होती.

शाखा उघडण्या-मिटण्याचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांना सगळे मामा म्हणतात. मी असतानाच लाइट गेली आणि यूपीएस ओरडू लागला.

“लाइट गेली की हे असं वाजायलंय,” मामा म्हणाले.

“मग तुम्ही काय करता?”

“साहेबाला फोन लावतो. साहेब हिंगोलीच्या कंप्युटरवाल्याला लावतात. तो गाडीवर असला की उचलत नाही.”

“अन् तोवर?”

“तोवर ते पडतंय बंद.”

तुम्हीच का बंद करत नाही, असं विचारल्यावर त्यांनी दिलेलं उत्तर या सगळ्या फिरतीत मला ऐकायला मिळालेलं सर्वांत खरं उत्तर होतं. “मी बटण दाबलं अन् काही झालं तर बोलणी मला बसतील. त्याचं तेच बंद पडलं तर कुणी कुणाला बोलत नाही.”

आत काय बिघडतं

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा काटा होताना पाहिला की सर्व्हरच्या पोटातला कारभार समजायला सोपा जातो. पोत्याचं वजन झालं की आकडा पुकारला जातो आणि मुनीम तो आधी कच्च्या वहीत उतरवतो. खतावणी नंतर, सवडीने. मुनीम मधेच उठून गेला तरी अडत नाही. दुसरा कुणी कच्ची वही उघडून खतावणी पुरी करतो. चांगला डेटाबेस असाच चालतो. तुम्ही खात्यात दोन हजार भरले की ती नोंद आधी एका सलग लॉगमध्ये पडते, मूळ तक्त्यांत मागाहून जाते. वीज अचानक गेली तर पुन्हा सुरू होताना डेटाबेस तो लॉग वाचतो आणि अर्धवट राहिलेला व्यवहार एकतर पुरा करतो, नाहीतर मुळापासून रद्द करतो.

म्हणजे एखादा झटका तो पचवतो. घोळ होतो तो कच्ची वहीच अर्धी राहिली तर. हार्ड डिस्क वेग राखण्यासाठी आलेली माहिती आधी आपल्या छोट्या स्मृतीत धरते, ‘लिहिलं’ असं वर कळवून टाकते आणि प्रत्यक्ष तबकडीवर क्षणभराने उतरवते. तेवढ्या क्षणात वीज गेली तर लिहिलं म्हणून कळवलेलं कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून महागड्या सर्व्हरांत या स्मृतीला स्वतःची बॅटरी असते आणि चांगल्या एसएसडीमध्ये हातातलं काम उरकण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात. टेबलाखालच्या डब्यात यातलं काही नसतं. तो बहुधा सर्व्हर म्हणून कामाला लावलेला साधा संगणकच असतो. हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरांत लॉगही नसतो. तिथे फाइल अर्धवट राहिली की दुसऱ्या दिवशी खाती उघडतात, पण शिल्लक जुळत नाही आणि सगळी शाखा रात्री उशिरापर्यंत पावत्या लावत बसते.

जाण्यापेक्षा वीज येतानाचा त्रास मोठा, असं इथले लोक सांगतात, आणि ते खरं आहे. गावातली डीपी दुरुस्त होते, लाइट येते, दोन मिनिटांत जाते, पुन्हा येते. एखादा फेज कमी असतो, कधी दाब एकदम चढतो. सर्व्हर चालू होण्याच्या मध्यावर असताना पुन्हा वीज तुटली तर तो कच्ची वही वाचत असतानाच पडतो. म्हणून नीट बंद केलेल्या सर्व्हरचा प्लग काढून ठेवायचा आणि वीज स्थिर झाल्यावरच तो पुन्हा लावायचा. विजांच्या दिवसांत तर नेटवर्कची वायरसुद्धा काढायची. मराठवाड्यात दर पावसाळ्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात, आणि तीच वीज छतावरच्या अँटेनातून, टेलिफोनच्या तारेतून आतल्या यंत्रापर्यंत पोचते.

एकदा दाबून सोडायचं

हिंगोलीतला एक तरुण संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि सेनगावपासून कळमनुरीपर्यंत मोटरसायकलवर फिरतो. त्याच्या पाठपिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, एक जादा पॉवर सप्लाय, जुनी हार्ड डिस्क जोडायची वायर आणि पाण्याची बाटली असते. त्याच्या दुकानातल्या संगणकावर त्याने मला दाखवलेली गोष्ट प्रत्येक शाखेत दाखवली पाहिजे.

समोरचं पॉवरचं बटण त्याने हलकंच दाबलं आणि लगेच सोडलं. पडद्यावर काही क्षण काहीच झालं नाही. मग एकेक खिडकी मिटत गेली, डिस्कचा दिवा भराभर लुकलुकला, मंद झाला आणि पंखा थांबला. “आता बघा,” म्हणत त्याने संगणक पुन्हा चालू केला, तेच बटण दाबलं आणि धरून ठेवलं. चार-पाच सेकंदांत काळोख. पहिल्या वेळी यंत्राला निरोप गेला होता: काम आवर. दुसऱ्या वेळी त्याची वीजच तोडली गेली होती. बोट तेच, बटण तेच. पहिल्या प्रकाराला बहुतेक ठिकाणी पासवर्डही लागत नाही.

“लोक घाबरून धरूनच ठेवतात,” तो म्हणाला. “दाबून सोडलं की लगेच काही होत नाही ना, मग वाटतं लागलंच नाही.”

शिस्तीत बंद व्हायला सर्व्हरला काही मिनिटं लागतात. ती मिनिटं यूपीएस देतो. त्याचा धर्म तेवढाच. वीज नसताना शाखेचं काम तासभर ओढायला तो नसतो, तरी वापर तसाच होतो: लाइट गेली तरी ‘बॅटरी आहे तोवर’ पावत्या फाडत राहायचं आणि शेवटच्या क्षणी यंत्र हातातून जाऊ द्यायचं. यूपीएस ओरडायला लागला की काम थांबवायचं, हा नियम मला एकाच ठिकाणी पाळलेला दिसला. वसमतच्या एका आडत दुकानात. तिथल्या शेठचा एका हंगामाचा हिशेब पूर्वी असाच गेला होता.

आधी कोण, मग कोण

एकच डबा असेल तर एक बटण पुरतं. दवाखान्यात तसं नसतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात नोंदणीचा सर्व्हर वेगळा, प्रयोगशाळेचा वेगळा, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या प्रतिमा साठवणारं स्टोरेज वेगळं. तिथे क्रम चुकला तर बटण हलकं दाबूनही नुकसान होतं. स्टोरेज आधी बंद केलं तर त्याच्यावर लिहिणारा डेटाबेस अधांतरी राहतो. नेटवर्कचा स्विच आधी काढला तर सर्व्हर एकमेकांची वाट पाहत लटकतात.

क्रम असा: आधी माणसांना कळवायचं आणि खिडकीवरचं काम थांबवायचं. मग अर्ज भरून घेणारी, बिलं काढणारी सॉफ्टवेअरं. मग डेटाबेस. मग ज्याच्यावर हे सगळं चालतं ते यंत्र, त्यानंतर स्टोरेज, आणि सर्वांत शेवटी स्विच आणि राउटर. सुरू करताना बरोबर उलटं. हे लिहायला सोपं आहे. पण रात्री दोन वाजता, बॅटरीचा आवाज कानात घुसत असताना, नव्याने लागलेल्या परिचारकाला ते आठवेल अशी अपेक्षा करणं चूक आहे. त्या रुग्णालयात डॉक्टरांनी यंत्रांवर मोठ्या अक्षरांत आकडे चिकटवले आहेत. एकपासून सुरुवात करायची, चारवर संपवायचं. मला ही व्यवस्था कुठल्याही जाड माहितीपुस्तिकेपेक्षा चांगली वाटली.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नोंदणीच्या खिडकीखालच्या कप्प्यात छापील कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आणि कार्बन पेपर. “सर्व्हर बंद केला तरी पेशंट थांबत नाहीत. कागद हाताशी असला की माझी पोरं बटण दाबायला घाबरत नाहीत.” हे मला फार मोलाचं वाटतं. बंद केल्यावर काम कसं चालवायचं हे ठरलेलं नसेल तर बंद करायचा निर्णय कुणी घेतच नाही.

चव्वेचाळीस अंशांत

भूकंप क्वचित येतो. उन्हाळा दरवर्षी येतो. मार्च उलटला की हिंगोलीचं ऊन चढत जातं आणि मेमध्ये पारा चाळिशीच्या बराच वर असतो. सर्व्हरच्या खोलीत एसी असतो, पण तो इन्व्हर्टरवर नसतो. लाइट गेली की एसी थांबतो, सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो आणि बंद खोलीत स्वतःची उष्णता स्वतःच ओढत बसतो. बॅटऱ्यांनाही ऊन सोसत नाही. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. तीन-चार वर्षं चालेल म्हणून घेतलेली बॅटरी इथल्या पत्र्याखाली दुसऱ्याच उन्हाळ्यात मान टाकते. दिवा हिरवा असतो, आत दम नसतो. लाइट गेल्यावरच ते कळतं.

पतसंस्थेच्या मागच्या बाजूला मामांनी मला अर्थिंगचा खड्डा दाखवला. वर प्लास्टिकचा पाइप, खाली मीठ-कोळसा. एप्रिलपासून माती कोरडी होते आणि कोरडी माती विजेला वाट देत नाही. मामा उन्हाळ्यात एक दिवसाआड तिथे बादलीभर पाणी ओततात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. टेबलाला हात लावला की झिणझिण्या यायच्या, पाणी घातल्यावर थांबल्या, म्हणून ते करतात.

उष्णतेने सर्व्हर पाडायला मराठवाडाच लागतो असं नाही. १९ जुलै २०२२ रोजी लंडनमध्ये इतिहासात प्रथमच पारा चाळिशीपार गेला. त्या दिवशी गाइज आणि सेंट थॉमस या मोठ्या सरकारी रुग्णालयांची दोन्ही डेटा सेंटरं उष्णतेने बंद पडली. एक पडलं तर दुसरं सांभाळेल अशी योजना होती. ऊन दोघांवर सारखंच होतं. डॉक्टर कागद-पेनावर आले, शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि सगळ्या प्रणाली पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे गेले. त्याच दिवशी, त्याच शहरात गुगलच्याही एका डेटा सेंटरची थंड करणारी यंत्रणा बिघडली. त्यांनी आपली काही यंत्रं स्वतः होऊन बंद केली, ती जळू नयेत म्हणून. ग्राहकांचा खोळंबा झाला, पण बहुतेकांची सेवा दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली. ऊन सारखं होतं, पैशांत आणि यंत्रांच्या वयात फरक होता, हे मान्य. तरी एका ठिकाणी ‘आता थांबवा’ म्हणायचा अधिकार कुणाकडे तरी होता आणि त्याने तो वेळेवर वापरला, हेही तितकंच खरं.

दुधाळ्याच्या माळावर

औंढा नागनाथला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की इथून जवळच दुधाळा शिवारात जगातल्या अत्यंत नाजूक यंत्रांपैकी एक उभं राहायचं आहे. लायगो-इंडिया. ताऱ्यांच्या टकरींतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली, ११ फेब्रुवारी २०१६ ला ते जाहीर झालं आणि आठवड्याभरात केंद्राने भारतातल्या यंत्राला तत्त्वतः मान्यता दिली. २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय मिळून तो उभारणार आहेत.

चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, काटकोनात. आत निर्वात पोकळी. दोन्ही टोकांना काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले चाळीस किलोंचे आरसे. प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहून लहान हालचाल या आरशांवरून मोजायची असते. मग जमीन हलते तेव्हा काय? औंढ्यात चहाच्या टपरीवर मला हाच प्रश्न विचारला गेला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाच्या लोकांनी वर्षानुवर्षं जमिनीतून येणारे आवाज ऐकले आहेत, मार्च आणि जुलैचे धक्के सगळ्यांनी अनुभवले आहेत. तेव्हा हा प्रश्न रास्तच आहे.

अमेरिकेतल्या यंत्रांकडे त्याचं उत्तर आहे. लेसर आणि आरसे एका बारीक ताळमेळात धरून ठेवलेले असतात, त्याला तिथे लॉक म्हणतात. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की त्याच्या पृष्ठलाटा सेकंदाला तीन-चार किलोमीटरच्या वेगाने येतात, म्हणजे दूरच्या भूकंपाची वर्दी काही मिनिटं आधी मिळते. तेवढ्या वेळात यंत्र नियंत्रणाची पद्धत बदलून धक्का झेलायला सज्ज होतं. तरीही लॉक सुटलाच, तर ते झुंजत बसत नाही. आरसे स्थिर धरणाऱ्या उपकरणांवर वॉचडॉग नावाच्या पहारेकरी यंत्रणा असतात. हालचाल ठरावीक मर्यादेबाहेर गेली की त्या त्या जागचा जोर तिथल्या तिथे काढून घेतात, कुणालाही न विचारता. जमीन शांत झाली की गार्डियन नावाची स्वयंचलित प्रणाली एकेक पायरी चढत लॉक परत मिळवते. कधी त्याला अर्धा तास लागतो, कधी कित्येक तास.

जवळचा भूकंप मात्र वर्दी देत नाही. पहिल्या बारीक थरथरीनंतर मुख्य धक्का यायला काही सेकंदच असतात. रामेश्वर तांड्यासारख्या ठिकाणच्या धक्क्यासमोर माणसाने बटण शोधण्यात अर्थ नसतो. इथे तयारी आधीच झालेली असावी लागते: सर्व्हरचं कपाट भिंतीला आणि जमिनीला बोल्टने जखडलेलं, वर फाइलींचे गठ्ठे नाहीत, यूपीएस टेबलाच्या काठावर नाही. टेबलाखालचा सर्व्हर या एका बाबतीत नशीबवान आहे, त्याला पडायला जागाच नाही. जी आडवी फळी भिंतीतल्या दोन खिळ्यांवर पेलून त्यावर राउटर, स्विच आणि देवाची तसबीर एकत्र ठेवलेली मी जागोजागी पाहिली, ती मात्र खाली आलीच पाहिजे. पत्र्यावरच्या दगडांसारखी.

धूर

आगीची गोष्ट वेगळी. २१ जून २०१२ ला दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरचे मजले खाक झाले. पाच माणसं गेली. फाइलींचे ढीग जळाले. संगणकांतली जी माहिती राज्याच्या डेटा सेंटरमध्ये होती, ती वाचली. त्या आगीनंतरच ई-ऑफिसला सरकारात जोर आला आणि आज हिंगोलीच्या कचेरीतली फाइलही पडद्यावर पुढे सरकते, ती त्याच धक्क्याची पुढची पायरी म्हणता येईल.

पण पडद्यावर आली म्हणून फाइल अमर होत नाही. दक्षिण कोरियात डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटर आहे. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री तिथे यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना त्यांनी पेट घेतला. लिथियमची आग आतून पेटत राहते. विझली वाटते आणि पुन्हा उठते. खोली थंड ठेवणारी यंत्रणा थांबली, म्हणून न जळालेले सर्व्हरही घाईने बंद करावे लागले. एकूण ७०९ सरकारी सेवा एका रात्रीत थांबल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती गेली ती गेलीच, कारण त्या साठ्याची दुसऱ्या जागी प्रतच नव्हती. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा अग्निशामक दलाला इमारतीची वीज पूर्ण तोडायलाच तास लागले.

हिंगोलीच्या शाखांत मी बॅकअप कुठे आहे असं विचारलं की बहुतेक ठिकाणी टेबलाचा खण उघडला गेला. पेन ड्राइव्ह आत असतो. सर्व्हरपासून दीड हातावर. आग लागली तर दोघे एकत्र जातील. तो पेन ड्राइव्ह रोज संध्याकाळी व्यवस्थापकांच्या घरी गेला किंवा दुसऱ्या शाखेत पोचला, तर त्याला बॅकअप म्हणायचं. भिंतीवरचं लाल सिलिंडरही बहुधा पावडरचं असतं. ती पावडर यंत्राच्या आत शिरली की आगीतून वाचलेला सर्व्हर तिनेच जातो. यंत्रांच्या खोलीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवा, आणि बंद खोलीत तो वापरला की माणसाने ताबडतोब बाहेर यायला हवं, कारण तो श्वासातली हवाही हटवतो.

धूर दिसला तर क्रम, बटण, बॅटरी, सगळं विसरायचं. शक्य असेल तर दाराबाहेरचा मेन स्विच पाडायचा आणि निघायचं. कच्ची वही अर्धी राहिली तर राहू दे. डेटाबेस झटका सोसतो; माणूस धूर सोसत नाही. म्हणून मेन स्विच खोलीच्या बाहेर, हाताला लागेल असा असावा लागतो. मी पाहिलेल्या शाखांत तो बहुतेक ठिकाणी आत होता, कपाटाच्या मागे.

एक सही

मामांच्या उत्तराकडे पुन्हा येतो. फिरून झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की हिंगोलीत यंत्रांची उणीव आहे त्याहून मोठी उणीव परवानगीची आहे. केबल खिळ्याला लटकलेली आहे, बटणाला पासवर्ड लागत नाही, बॅटरी दहा मिनिटं देते. त्या दहा मिनिटांत खोलीत असतो तो शिपाई, पहारेकरी, रात्रपाळीची परिचारिका किंवा आडतीवरचा पोरगा. बंद करायचा अधिकार असलेला माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला, कधी औंढ्याला, कधी नांदेडला, कधी मोटरसायकलवर. कोट्यवधींच्या वेधशाळेत थांबवायचा हक्क आरशाशेजारच्या पहारेकऱ्याला दिलेला असतो. तो पतसंस्थेत मामांना द्यायला काहीच हरकत नाही. चुकून विनाकारण बंद केला तर अर्ध्या तासाचं काम जाईल. वेळेवर बंद न केल्याने काय जातं, ते वसमतच्या शेठला विचारा.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आता वहीबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागतं. या वर्षी त्याआधी, दुकान किंवा शाखा बंद असेल अशा दिवशी, बॅकअप घेऊन झाल्यावर, सर्वांसमोर यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. किती मिनिटं टिकतो ते घड्याळावर पाहा. खिळ्यावरची केबल उतरवून जोडून घ्या. बटण हलकं दाबून सोडणं मामांना स्वतःच्या हाताने करून पाहू द्या. मग एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा: यूपीएस वाजला की काम थांबवायचं; पाच मिनिटांत लाइट आली नाही तर आकड्यांच्या क्रमाने बटण दाबून सोडायचं; कुणालाही विचारायची गरज नाही. जमीन हलली किंवा धूर दिसला तर काहीही बंद करत बसायचं नाही, बाहेर यायचं. आणि त्या कागदाखाली संस्थेच्या अध्यक्षांनी किंवा मालकाने सही करावी, म्हणजे बोलणी कुणाला बसायची हा प्रश्न उरणार नाही.